सरकारची खुर्ची

"सरकारनं इचारलंय, मग सांगाया नको का?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आजही एखाद्या नव्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाल्याची बातमी वाचली, की ते आधी कानात वाजते आणि मग मी बातमीचा पुढचा भाग वाचते. मुलांनो, बातमीच्या शेवटी एक ओळ असते, 'नागरिकांकडून हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' तुम्ही ती कधी वाचली नसेल. मी इंग्रजी घेऊन एम. ए. केले, वर्षानुवर्षे शिकवले, पण मीही वाचली नव्हती. नळदुर्गात ती ओळ मनावर घेणारा एकच माणूस होता.

ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी काटेदुरुस्तीचे दुकान चालवत. लहानमोठ्या दुकानांतले तराजू, अडत्यांचे मोठे काटे, अलीकडचे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे, सगळे तिथे येत. दुरुस्त झालेल्या काट्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. दुकानदार त्या शिक्क्याच्या नावाने कटकट करत, तेव्हा हे म्हणत, "शिक्का न्हाय म्हनलं तर तुमचा किलो कोन खरा मानंल?" सारी गल्ली त्यांना चाचा म्हणत असे. मीही म्हणत असे, खरे तर ते माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील.

दुकानात एक बाकडे होते आणि हात असलेली एकच निळी प्लास्टिकची खुर्ची. ती सरकारची खुर्ची. कर, ऑनलाइन धंदा, मोबाइलवरून पैसे देणे, असा कुठलाही मसुदा आला की रविवारी सकाळी चार माणसे जमत. पण लिहायच्या आधी कुणीतरी एकाने त्या खुर्चीत बसून सरकारची बाजू लढवायची, हा त्यांचा नियम होता. बसणाऱ्याने म्हणायचे, "हं, इचारा सरकारला." आणि सरकारच्या प्रश्नाला उत्तर सापडेपर्यंत एक अक्षर लिहायचे नाही.

"रडगानं आन् हरकत यात फरक हाय, मॅडम," ते मला सांगत. "हरकतीत पुडं काय करायचं ते आसतंय."

किराणावाले शिवलिंगअप्पा कराचे नाव काढले तरी तापायचे. एकदा छोट्या व्यापाऱ्यांच्या कराचा मसुदा आला आणि चाचांनी मुद्दाम अप्पांनाच खुर्चीत बसवले. सुरुवातीला अप्पा लाजले. मग असे रंगले, की बाकड्यावरच्या प्रत्येकाला "आधी पावती दाखवा!" म्हणून दरडावू लागले. दुपारी त्यांच्या घरून निरोप आला, "चाचा, तुमचं सरकार जेवायला बसलंय आन् भाजीची पावती मागतंय. घिऊन जावा."

इंग्रजी मजकूर करायचे काम माझ्याकडे असे. चाचा समोर बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारत. मी एखादा जड शब्द घातला की म्हणत, "ह्याचं वजन जरा कमी करा." सगळे पाठवून झाले की संगणकावर आपोआप उत्तर येई, 'आपली सूचना प्राप्त झाली आहे.' बाकी कधी काही आले नाही. पण तेवढ्यावर ते सगळ्यांना चहा पाजत. अप्पा हसायचे, "आवो, ते मशीन बोलतंय." चाचांचे उत्तर ठरलेले, "मशीन का हुईना, मिळालं म्हनलं ना!"

आता मुख्य गोष्ट सांगते. त्यांची भाची नसरीन धाराशिवला कॉलेज करून परत आली आणि तिने शेळ्या विकण्याचे ॲप सुरू केले. तुमच्या भाषेत स्टार्टअप. आपल्याकडची काळी शेळी लांबपर्यंत नावाजलेली आहे. आसपासच्या गावांतल्या बायका दारातल्या दोन-चार शेळ्यांचे व्हिडिओ पाठवत आणि सोलापूर-हैदराबादचे लोक मोबाइलवर बघून घेत. त्याआधी दारात येणारा व्यापारी शेळी नुसती उचलून बघायचा आणि म्हणेल तो भाव द्यायचा. त्या बायकांपैकी कोंडाबाई मला चांगली ठाऊक होती. तिची मुलगी या शेळ्यांच्याच जोरावर नर्सिंग शिकत होती.

अशात ऑनलाइन विक्रीचा नवा मसुदा आला. ॲपवर विकणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या नावावरच्या दुकानाचा किंवा धंद्याच्या जागेचा दाखला द्यायचा, नाहीतर त्याचा माल दाखवायचा नाही. कोंडाबाईला दुकान कुठले असणार? घरसुद्धा सासऱ्याच्या नावावर. हा नियम तसाच राहिला असता तर नसरीनचे ॲप बंद पडले असते आणि बायका पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या हाती गेल्या असत्या.

त्या रविवारी खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. अप्पांनी तर हात जोडले, "पोरीच्या इरोधात मी न्हाय बसनार." नसरीन म्हणाली, "मामू, या वेळी राहू द्या ना. सरळ लिहूया."

चाचा उठले आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले. दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले.

"हं, इचारा सरकारला."

नसरीनने बायकांची अडचण मांडली. छान मांडली. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "समजा, मी गिऱ्हाईक, हैदराबादेत बसलोय. मोबाइलात धडधाकट शेळी बघितली, गाडीतनं उतरली आजारी. कुनाला धरू?"

"मला धरा. ॲप माझं आहे."

"तुमचं ॲप उद्या बंद पडलं तर?"

चाचा थांबले नाहीत. "गिऱ्हाइकाला पत्ता पायजे. त्यात सरकारचं काय चुकलं?"

"मामू, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"आत्ता सरकारच्या. घरी गेल्यावर तुज्या."

बाकडे हसले. नसरीन मात्र हसली नाही. चहा तसाच ठेवून ती निघून गेली. एकेक करून सगळे उठले, पण चाचा खुर्चीतच बसून राहिले. मला म्हणाले, "मॅडम, लई झालं का?"

मी म्हटले, "तिनं उत्तर आणलं, तर नाही."

"आन् न्हाय आनलं तर?"

मी नसरीनचा न प्यायलेला चहा उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन येत होते, तर दुकानासमोर गर्दी दिसली. नसरीन आली होती, सोबत कोंडाबाई आणि कोंडाबाईच्या हातात दोरी, दोरीला शेळी. नसरीन मामूंकडे न बघता म्हणाली, "सरकारला खुर्चीत बसायला सांगा."

चाचा मुकाट्याने बसले.

कोंडाबाईने शेळीचे तोंड वळवून कान पुढे धरला. कानात जनावरांच्या दवाखान्याने लावलेला पिवळा बिल्ला होता. "माजं दुकान न्हाय," ती म्हणाली. "पर ह्या बिल्ल्यावर नंबर हाय. शेळी कुनाची, ती दवाखान्यात इचारा. बाई कुनाची, ती गिरामपंचायतीत इचारा. आजून काय पत्ता पायजे?"

"बिल्ला तोडून दुसरीच्या कानात घातला तर?"

"तोडला की कान फाटतंय की, चाचा! फाटका कान दिसनार न्हाय का त्या हैदराबादवाल्याला?"

चाचांनी शेळीकडे पाहिले, मग नसरीनकडे, आणि खुर्चीचे हात धरून उठले.

"सरकार हरलं. मॅडम, लिवा."

दुकानाच्या दाखल्याऐवजी जनावराचा बिल्ला आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला चालावा, अशी आमची सूचना गेली. मी लिहीत असताना शेळीने अप्पांच्या पिशवीतली मेथी अर्धी संपवली. "पावती मागा तिला," चाचा म्हणाले, आणि नसरीन आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली.

काही महिन्यांनी पक्का नियम आला. घरी जनावरे पाळून विकणाऱ्यांना दुकानाचा दाखला माफ होता, बिल्ला पुरणार होता. अप्पांनी विचारले, "आपल्यामुळं झालं म्हनायचं का?" चाचा म्हणाले, "लई जनांनी लिवलं आसंल. त्यात आपलं बी एक." कोंडाबाईने पेढे आणले. तिची मुलगी आता धाराशिवला नर्स आहे.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले, फारसे कुणाला त्रास न देता. दुकान काही दिवस बंद होते. मग नसरीनने तिथेच तिचे कार्यालय थाटले. काटे गेले, संगणक आले. बाकडे आणि निळी खुर्ची तिने हलवली नाही.

परवा नवा मसुदा आला. व्हिडिओवरून आजारी जनावर ओळखायचे काम यंत्राकडे दिले, तर चुकीला जबाबदार कोण, असा विषय होता. यंत्र चुकले तर भरपाई ॲपवाल्यांनी द्यावी, असे मसुद्यात होते. म्हणजे नसरीननेच. रविवारी आम्ही जमलो. कोंडाबाईही आली होती. सगळे बाकड्यावर दाटीवाटीने बसलो, खुर्चीकडे कुणी बघेना.

नसरीनने ओढणीच्या टोकाने खुर्चीवरची धूळ पुसली आणि बसली. दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले. एरवी पुस्तकातल्यासारखे मराठी बोलणारी मुलगी, पण म्हणाली मामूंसारखेच,

"हं, इचारा सरकारला."

अप्पांनी हात वर केला. मी पेनाचे टोपण काढले, आणि परत लावून ठेवले. लिहायला अजून वेळ होता.