सावकाशदादांच्या आरशातलं घड्याळ

आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्यावर, छापखाना आणि सायकलदुरुस्तीच्या मधोमध, दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. मालक, कारागीर आणि झाडू मारणारा असा तिथे एकच माणूस. घाईत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो म्हणतो, "सावकाश! डोकं एकच आहे." त्यावरून त्याचं नाव पडलं सावकाशदादा. खरं नाव विचारलं तर त्यालाच क्षणभर आठवावं लागतं.

दादांची शाळा चौथीत सुटली आणि हातात कात्री आली, ती आजतागायत आहे. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात दुपारपाळीला जातात. त्यामुळे शाळा सुटली की त्यांची मुलगी थेट सलूनमध्ये येते आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या बाकावर दप्तर टाकते. रिकामी खुर्ची दिसली की तीत बसून गरागरा फिरते, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

मुलीला शिकवणी लावणं दादांना जमण्यासारखं नव्हतं, आणि स्वतः शिकवावं तर चौथीचंही आता धड आठवत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली होती. गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसलेला माणूस पळून जाऊ शकत नाही.

"साहेब, दाढी होईस्तोवर पोरीकडून सातचा पाढा म्हणून घ्या की."

असं करत करत भिंगरीला पोस्टमनने पत्ते वाचायला शिकवलं, गवंड्याने विटांचे थर मोजायला, औषधाच्या दुकानदाराने गोळ्या मांडून बेरीज-वजाबाकी करायला. एखादा म्हणालाच, "मला बुवा काही येत नाही," तर दादा कात्री न थांबवता म्हणायचे, "मग गोष्ट सांगा. खोटी असली तरी चालेल."

यातलं मला काहीएक माहीत नव्हतं. मी तिची वर्गशिक्षिका. मला एवढंच दिसत होतं की घरात कोणी शिकलेलं नाही, वहीवर पालकांची सही कधी असते कधी नसते, आणि दुसरीच्या वार्षिक परीक्षेत गणितात पन्नासपैकी सोळा. उत्तीर्ण व्हायला अठरा लागतात. आमच्या शाळेत गणित राहिलं की मूल त्याच वर्गात राहतं, आणि अशा मुलांची यादी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुख्याध्यापकांकडे द्यायची होती. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहून टाकला : 'घरी अभ्यासाचे वातावरण नाही.' हे वाक्य इतक्या मुलांच्या पुस्तकांत लिहिलं होतं की आता हातच ते आपोआप लिहायचा.

तरी तोंडावर सांगावं म्हणून पेपर पिशवीत घातला आणि शाळा सुटल्यावर निघाले. पुरुषांच्या सलूनमध्ये मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यावरच अडखळले.

"या बाई, या!" दादांनी टॉवेलने बाक झटकला. खुर्चीत तोंडभर फेस लावलेला गवंडी होता. भिंगरी वहीमागे लपली.

मी बाकावर टेकले आणि आडवळण न घेता सांगितलं, "दादा, हिला पुन्हा दुसरीत बसवावं लागेल. गणितात दोन गुण कमी पडलेत."

वस्तरा थांबला. "बाई, अहो, पंधरापर्यंत पाढे म्हणते ती!"

"पाढ्यांचे गुण दिलेत. घड्याळात गेले. दहा घड्याळं होती, दोनच बरोबर आली."

"घड्याळ?" दादा वळलेच. "ते तर हीच मला सांगते!"

सगळेच आईबाप असं म्हणतात. आता उठावं कसं, या विचारात समोरच्या आरशात नजर गेली आणि ताडकन उभी राहिले. "अगंबाई! सातला दहा कमी? माझी साडेसहाची बस गेली की!"

गवंडी इतका हसला की फेस कापडावर उडाला. वहीमागून बारीक आवाज आला, "बाई, पाच वाजून दहा मिनिटं झालीत."

"कुठे बघून सांगतेस?"

तिने आरशाकडेच बोट दाखवलं.

मी मागे वळले. बाकाच्या वर, भिंतीवर, गोल घड्याळ. आकडे नाहीत, नुसत्या रेघा. पाच वाजून दहा मिनिटं. पुन्हा आरशात बघितलं, सातला दहा कमी.

पिशवीतून पेपर काढला. प्रश्नपत्रिकेतल्या घड्याळांवरही आकडे नव्हते. बारा बरोबर. सहा बरोबर. तीनच्या जागी नऊ, नऊच्या जागी तीन. सव्वादहाच्या घड्याळाखाली लिहिलेलं, पावणेदोन. पोर रोज घड्याळाखालच्या बाकावर बसते. घड्याळ तिच्या अंगवळणी पडलं ते आरशातलंच.

मी दादांना पेपर दाखवला.

"म्हणजे माझ्या दुकानापायी पोर नापास झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "मी पण जन्मभर आरशातच बघतोय, बाई. गिऱ्हाइकाला सोडून मागे कोण वळणार? पाच वाजले की हिला सांगायचो, बघ, असे वाजतात पाच."

"अरे, पण बाईंचंही चुकलंच की!" गवंडी फेसातून म्हणाला.

खरंच होतं ते. मुलांना घड्याळ शिकवण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि मी चुकले. भिंगरी चुकली नव्हती. मी तिथेच बसून प्रगतिपुस्तकातला शेरा खोडला. पण शेरा खोडून गुण वाढत नाहीत. मुख्याध्यापकांच्या समोर फेरपरीक्षा घेता येईल का, हे सकाळी विचारणं एवढंच माझ्या हातात होतं. भिंगरीच्या हातात ती एक संध्याकाळ.

दादा बाकावर चढले, घड्याळ काढलं, सेल काढून ते तिच्या मांडीवर ठेवलं. "फिरव काटे."

"माझी जेवणाची सुट्टी दाखव," गवंडी म्हणाला. साडेबारा. काटे जवळजवळ बरोबर. "आणि काम सुटतं ते? साडेचार?" तासकाटा गेला डावीकडे.

दोनदा, तीनदा तेच झालं. मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात दादा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"गिऱ्हाईक म्हणतं, उजवीकडून कमी करा. मी कुणाच्या उजवीकडून करतो? आरशातल्या माणसाच्या?"

"नाही. खुर्चीतल्या."

"का?"

"आरशातल्याला केस नसतात."

"हां! मग उजवा हात वर कर. एक ते पाच या हाताकडे. आरसा विसर, माणूस बघ."

साडेचार बरोबर आलं. मग पावणेदोन. मग गवंड्याने सासूच्या येण्याची वेळ विचारली आणि जाण्याची काही विचारली नाही, म्हणाला ती सांगता येत नाही. फेस वाळून गालाला पापुद्रे आले तेव्हा कुठे त्याला आपली अर्धी दाढी आठवली.

घरी गेल्यावर मी देवासमोर बसले. आधी पोरीसाठी मागितलं. मग मी लिहिलेल्या त्या सगळ्या शेऱ्यांसाठी क्षमा मागितली. कुठल्याच घराचं दार न उघडता, आतलं वातावरण मी ठरवत आले होते. त्या घराने पोरीला घड्याळ उलटं शिकवलं, हे खरं. पण तिला विचारायला न लाजणं, दहा जणांकडून शिकणं, तेही त्याच घराने दिलं होतं.

सकाळी मुख्याध्यापक म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मी सगळा प्रकार सांगितल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "बरं, बोलवा. पण वेळा मी देणार."

कोऱ्या रेघांची दहा घड्याळं तिच्यापुढे ठेवली. पहिली दोन सरळ गेली. "पावणेदोन," मुख्याध्यापक म्हणाले. तासकाटा काढायला पेन्सिल डावीकडे निघाली आणि मध्येच थांबली. भिंगरीने उजवा हात वर केला.

"काय हवंय? पाणी?"

"नाही सर. आरसा विसरतेय."

दहापैकी नऊ बरोबर आली. मुख्याध्यापकांनी दोनदा तपासलं, यादीतलं नाव खोडलं, आणि मग स्वतःच उठून आपल्या खोलीतल्या आरशात भिंतीवरचं घड्याळ बघून आले.

फाटकाबाहेर दादा उभे होते. सकाळच्या ऐन गर्दीत सलून बंद ठेवून आलेले, खिशात कंगवा तसाच. मी म्हटलं, "गेली तिसरीत."

दादांनी खिशातला कंगवा काढला, भिंगरीचा भांग नीट केला, परत खिशात ठेवला. मग विचारलं, "तिसरीत नवीन काय असतं, बाई?"

"भागाकार."

दादा विचारात पडले. "भागाकार सुतार चांगला शिकवेल. मंगळवारी येतो तो. पण बाई, डोक्यावर केस फार कमी राहिलेत त्याच्या. फारच सावकाश कापावे लागतील."