न्हाणीतली गरम फरशी

सत्तर सालाच्या आसपास आम्ही जळगावात मेहरूणला राहत होतो. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो, आणि जे शिकवतो ते आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. घरातली न्हाणी खचली होती. बायकोला तिथे नवी फरशी आणि न तुंबणारी मोरी हवी होती, बाकी काही नाही. पण त्या हिवाळ्यात माझे वडील, नाना, धुळ्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे यायचे होते. त्यांना वाताचा त्रास होता. सकाळच्या गार फरशीवर पाय टेकवणं त्यांना नको व्हायचं. आई गेल्यापासून ते कुणाकडे फार टिकतच नसत. आमच्याकडे आले की दुसऱ्याच दिवशी पिशवी भरायला घेत.

परदेशात घरातली जमीन खालून तापवतात, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. म्हटलं, आपणही करू. मागच्या पडवीतला बंब ओट्यावर चढवायचा, त्याच्या तोटीला लोखंडी पाइप जोडायचा, तो फरशीखालून वळणं घेत न्यायचा आणि न्हाणीतल्या नळाला आणून सोडायचा. अंघोळीचं पाणी जाता जाता फरशी तापवेल. हे सगळं मी बायकोला पाटीवर आकृती काढून समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मोरीचं काय झालं ते विचारलं.

काम चालू असेपर्यंत आम्ही शेजारच्या मारवाडी शेठजींकडे अंघोळीला जात होतो. अंघोळ करून आलो की मी त्यांना पाइप कुठवर आला ते ऐकवायचो. त्यामुळे नाना आले आणि न्हाणी सुरू करायची ठरली, तेव्हा शेठजी सकाळीच शाल पांघरून येऊन बसले.

मी बंबात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या, पाणी कडकडीत तापवलं आणि नळ सोडून ठेवला. बंब रिकामा झाला की पुन्हा भरला, पुन्हा तापवला, पुन्हा सोडला. शेवटी फरशीला हात लावून पाहिला तर ती खरोखर ऊबदार झाली होती. मी शेठजींनाही हात लावायला लावला. मग बंब शेवटचा भरून, तापवून नानांना आत पाठवलं.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मी बाहेरून विचारलं, कसं काय वाटतंय.

"पाय तं गरम शेतस," नाना म्हणाले. "पन पानी थंडं शे."

पाण्यातली सगळी ऊब फरशीनं पिऊन टाकली होती. उष्णता एकीकडे गेली की दुसरीकडून कमी होते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवत होतो. तेच मी आता दाराबाहेरून नानांना समजावू लागलो. शेठजी उठून घरी गेले. बायकोनं स्टोव्हवर पातेलंभर पाणी तापवलं आणि दार ठोठावून आत सरकवलं.

त्या दिवसापासून घरात दोन चुली पेटू लागल्या, बंब फरशीसाठी आणि स्टोव्ह माणसांसाठी. नाना अंघोळ उरकली तरी बाहेर येईनात. पाटावर बसून, पाय फरशीवर पसरून ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. कॉलेजची वेळ झाली की मी अंगणातल्या नळाखाली गार पाण्यानं अंघोळ करायचो आणि शिंकत-खोकत वर्गात जायचो. पोरांना वाटे, सरांना थंड पाण्याचं व्रत आहे. मीही कधी खुलासा केला नाही.

संक्रांत गेली तरी नाना राहिलेलेच. मी एकदा भीत भीत विचारलं, गावाकडची कामं खोळंबली नाहीत ना?

"तुना भाऊ देखस तिकडलं," त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं.

होळीला ऊन चढलं तेव्हा ते गेले. जाताना बायकोला म्हणाले, पुढल्या थंडीत लवकर येईन. एस.टी.त चढण्याआधी त्यांनी माझ्या छातीला हात लावून पाहिला आणि खोकल्याचं औषध घेत जा, म्हणाले.