पाडव्याला मागितलेली सुट्टी

साल ठरवताना गड्याने सुट्टीचा शब्द काढायचा नसतो. मी काढला. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

आमच्या पिंगळीकडं सालगडी पाडव्याला कामाला लागतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. त्या वर्षी जुन्या मालकाने जमीन बटईनं देऊन टाकली, म्हणून मला नवा मालक बघणं आलं. अडचण एवढीच, की गावातल्या लोकांनी संक्रांतीलाच कोकणात जायला एक यष्टी ठरवली होती अन् त्यात आम्हा नवरा-बायकोची नावं लिहून झाली होती. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी निघायचं, आठ दिवसांनी परत. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत यष्टी कधी चालू, कधी बंद. तरी बायकोनं धीर सोडला नव्हता. तिला समुद्र बघायचा होता. मलाही बघायचा होता, पण मी तसं बोललो नव्हतो.

पाडव्याला निघताना ती म्हणाली, "आवं, सुपारी तोंडात टाकायच्या आधी सांगा. मागून सांगून काय उपेग न्हाई."

खरंच होतं ते. बोलणं झालं की मालक पानसुपारी पुढं करतो. गड्याने ती खाल्ली की साल पक्कं. त्यानंतर अट घालणारा गडी गावात बदनाम होतो.

बैठकीत मालक होते अन् त्यांचा धाकटा भाऊ. ज्वारी, कपडे, पायताण, सगळं ठरलं. मालकांनी तबक सरकवलं. मी हात मागंच ठेवला.

"मालक, एक हाय. पंधरा दिसांनी मला आठ दिस सुट्टी लागंल. आधीच ठरलंय."

मालक भावाकडं बघून हसले. "अजून बैलाचा कासरा धरला न्हाई अन् ह्याची सुट्टी ठरली! कुणाचं लगीन हाय का?"

"न्हाई. समुद्र बघायला जायचंय. दोघांला."

आता भाऊही हसला. "आरं, आपल्या वढ्याला पाणी आलं की बस की बघत!"

मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खरं बोललास ते बरं केलंस. दुसरा सुपारी खाऊन पळाला असता. पण गड्याची बायको आमच्याकडं शेणगोठ्याला लागते. दोघं गेल्यावर गोठ्यात काय मी उतरू? एकानं जावं, एकानं ऱ्हावं."

मी उठून जाऊ शकलो असतो. पण पाडवा टळला की गड्याला कोण विचारतं? घरात दोन लेकरं. मी म्हणालो, "ती जाईल," अन् सुपारी तोंडात टाकली.

घरी सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी बी न्हाई जात. एकटीनं काय बघायचं?"

"जायाचं. नाव लिवलंय," मी ओरडलोच. ती गेली.

आठ दिवस नांगर माझ्याकडं, शेण माझ्याकडं, लेकरांच्या भाकरी माझ्याकडं. कामाला मी कधी भ्यालो नाही. पण बैल वळवताना मनात यायचं, आता कुठं असतील, आता पोचले असतील. आत जळत होतं. ती आली ती तोंड काळं पडलेलं अन् डोळे हसरे. शेण काढताना, गोवऱ्या थापताना सांगायची, "आवं, ते पाणी माणसाच्या मागं लागतंय. अन् माघारी जाताना पायाखालची वाळू..." असं तीन-चार दिवस चाललं. मग मी म्हणालो, "बस कर आता. पाणीच ना ते? आपल्या हिरीत काय राकेल हाय?"

ती हसली, असं मला वाटलं. पण मरेपर्यंत तिनं समुद्राचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

परवाच्या आषाढात ती गेली. पोरगा म्हणतो, बाबा, चला, गाडीनं समुद्र दाखवून आणतो. मला नको. मला तो तिच्या तोंडून पाहिजे. वाळूचं पुढं काय झालं ते पाहिजे.

त्या यष्टीत बसलेल्यांपैकी आता गावात एकच म्हातारी उरली आहे. तिच्या ओट्यावर गेलो. "वैनी, त्या सहलीचं काही आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? तुमची जागा तिनं आठ दिस कुणाला दिली न्हाई, भाऊजी. गठुडं ठिवलं त्या जागंवर. शाळंचं मास्तर निम्मी वाट उभं, तरी न्हाई. म्हणायची, नाव लिवलंय त्यांचं. आमी म्हणायचो, तुझा नवरा लय बारीक झाला गं, गठुड्यात मावला!"

म्हातारी दात नसलेल्या तोंडानं हसली. मीही हसलो. हे मला बायकोनं कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगू दिलं असतं तर सांगितलं असतं.

"अन् समुद्र बघून काय म्हणली ती?"

"ते आता कसं ध्यानात ऱ्हाईल? मी माझंच लुगडं सावरायले होते."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाहीच म्हणाली. तिच्या सुनेनं चहा आणला, तो पिऊन झाला. तरी मी उठलो नाही. आणखी एखादी गोष्ट आठवेल म्हणून म्हातारीच्या तोंडाकडं बघत बसलो.