भिंतीवरची काच

वामनमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दिलसुखनगरच्या बाजारात माठ वाजवून पाहत होते. शेजारीण शोधत आली, तिनं नुसता हात धरला आणि मला कळलं. चैत्र सरत आला होता. रिक्षात बसल्यावर रडण्याआधी मनात आलं ते विचित्रच होतं... आता वैशाखात शाळेतली काच कोण बघणार?

मामा जुन्या हैदराबाद संस्थानात तामीरात खात्यात, म्हणजे बांधकामाकडे, इंजिनिअर होते. पूल किंवा इमारत बांधण्याआधी जमीन पाहायची आणि ती भार पेलेल की दगा देईल ते सांगायचं, हे त्यांचं काम. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, त्यामुळे पायाला ते शेवटपर्यंत बुनियादच म्हणत. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की पानावर बसण्याआधी हे घराच्या मागे. चिमूटभर माती ओली करायची आणि बायका वाती वळतात तशी तळहातावर वळायची. बारीक वात न तुटता वळली की चेहरा गंभीर व्हायचा, कारण ती चिकट काळी माती. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसून भेगाळणार. "लोक प्रसाद मागतात, हे माती मागतात," असं मामी म्हणायची.

संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढच्याच हिवाळ्यात आमच्या मराठी शाळेनं स्वतःची इमारत बांधायचं ठरवलं. मी तिथं नुकतीच शिक्षिका झाले होते. भाड्याच्या दोन खोल्यांत पोरं दाटीवाटीनं बसायची. शाळेचे चिटणीस बापूसाहेब वकील निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, त्यांचा शब्द म्हणजे आम्हाला वेदवाक्य. त्यांनी जागा मिळवली ती दृष्ट लागावी अशी. आमच्या या गावात दगड फोडल्याशिवाय चूलसुद्धा मांडता येत नाही, आणि इथं लांबरुंद सपाट जमीन, औषधालाही खडक नाही! सगळे हरखले. मामा मात्र जागेभोवती फेऱ्या घालत राहिले. चहूकडे खडक असताना नेमके इथलेच कुठं गेले, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आधी खड्डा खणून बघू, असं त्यांनी सभेत सांगितलं आणि ठिणगी पडली. बापूसाहेब उसळून म्हणाले, "वामनराव, शाळा उभी राहतेय हे बघवत नाही का तुम्हाला? निजामाचं मीठ अजून उतरलेलं दिसत नाही."

त्या दिवसांत हे बोलणं साधं नव्हतं. जुन्या सरकारातल्या माणसाकडे लोक संशयानंच बघत, आणि एकदा असा शिक्का बसला की आपल्याच माणसांत बसणं-उठणं कठीण. मामांचे कान लाल झाले. पण आवाज चढला नाही.

"मीठ खाल्लं, ते मी कुठं नाही म्हणतो?" ते म्हणाले. "पण या भिंतीखाली पोरं बसणार आहेत बापूसाहेब. मला एक खड्डा द्या. मग हवं ते बोला."

रविवारी खड्डा खणला. वर दोन हात मुरूम, मग विटांचे तुकडे, राख, आणि खाली कुजकट वासाची काळीशार माती. त्या मातीत तळ्यातल्या गोगलगायींचे पांढरे शंखच शंख. मजूर एकमेकांकडे बघून "कुंटा, कुंटा" म्हणू लागले. कुंटा म्हणजे लहान तळं. कुणीतरी कधीकाळी ते बुजवून वर मुरूम पसरला होता. मामांनी एक शंख धुऊन बापूसाहेबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "अशी जमीन हल्लूहल्लू बसते, आवाज करत नाही."

दुसरी जागा मिळण्यासारखी नव्हती. मग कठीण मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेला, आणि त्या खर्चापायी दुमजली इमारतीची एकमजलीच झाली. वामनरावांनी वरचा मजला जमिनीत पुरला, अशी थट्टा गावभर झाली. त्यातच पहिल्या उन्हाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली. मामांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं बसवली. भिंत जराही हलली तर काच तडकणार. जमीन सगळ्यात जास्त आकसते ती वैशाखात, म्हणून दर वैशाखात ते काच बघायला जात आणि मला सोबत नेत. पहिल्या वर्षी दाराशीच थबकले होते. "तू बघ आधी," म्हणाले. काच शाबूत होती.

काही वर्षांनी त्याच भरावावर उथळ पायानं बांधलेल्या शेजारच्या गोदामाची भिंत एका पावसाळ्यात आडवी झाली. नशीब, आत कुणी नव्हतं. पुढच्या वैशाखात आम्ही गेलो तर बापूसाहेब हॉलमध्ये आधीच हजर. माफी वगैरे कुणी मागितली नाही. दोघांनी मिळून काच पाहिली आणि समोर चहा प्यायला गेले. तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला.

मामांच्या स्वतःच्या घराची गंमत मात्र निराळी. आता विद्यानगर म्हणतात त्या बाजूला त्याच हिवाळ्यात ते बांधायला काढलं होतं, आणि हे सगळा वेळ शाळेच्या पायाशी. घर गवंड्याच्या भरवशावर राहिलं. तिथल्या भेगेवर बसवलेली काच दर उन्हाळ्यात तडकते, आणि पावसाळ्यात मागचं दार लागत नाही. मामी म्हणायची, दिव्याखाली अंधार. मामा हसत आणि नवी पट्टी कापायला बसत. मला त्या तडकलेल्या काचांचाच जास्त अभिमान वाटतो.

परवा मी एकटीच शाळेत गेले. सुट्टीमुळे हॉल रिकामा होता. कोपऱ्यात काठी टेकून बापूसाहेब उभे होते. आता त्यांना फारसं दिसत नाही. त्यांनी पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"शाबूत आहे," ते म्हणाले. "वामनरावांना सांग..."

बोट काचेवरच राहिलं.

"सांगते," मी म्हणाले.