लाईट गेली तरी हिरवं

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी होती. खाली रबराचे वॉशर बनायचे, वर सॉफ्टवेअर. कंपनी म्हणजे उल्हासनगरचे शेठ आणि मी.

आमचं सॉफ्टवेअर नेटवर्कवरच्या एकेका सर्व्हरचं दार ठोठावायचं आणि तिथली माहिती पक्क्या एन्क्रिप्शनमधून जाते की जुन्या, सहज फोडता येणाऱ्या, ते बघायचं. कच्चं सापडलं की बोंब मारायची, हे त्याचं काम. ते काम त्याला जमतंय का, हे बघणाऱ्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहायच्या, हे माझं. बटण दाबलं की पडद्यावर हिरव्या ओळी उतरायच्या; हिरवी ओळ म्हणजे चाचणी पास. त्यांचा मला इतका गर्व, की घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी त्या हातवारे करून सांगायचो.

एका शुक्रवारी सहकारी बँकेच्या मॅडम आल्या. आमची पहिली मोठी ऑर्डर त्यांच्या सहीवर अडली होती. शेठनी दाल-पकवान मागवलं. मी बाह्या सरसावल्या, जादूगारासारखं बोट वर नेलं, बटण दाबलं. आणि लाईट गेली.

पंखा थांबला, खालची यंत्रं थांबली. माझा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता, आणि त्यावर हिरव्या ओळी नेहमीपेक्षा झपाझप उतरत होत्या.

"वा! लाईट गेली तरी चालतंय!" मॅडम म्हणाल्या.

"अपना माल बिजलीवाल्यांच्या भरवशावर नाय चालत, मॅडम!" शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ज्यांची तपासणी चालली होती ते आमचेच सर्व्हर शेजारच्या खोलीत, लाईटबरोबरच बंद पडलेले. दार ठोठावलं, आतून उत्तर नाही, म्हणजे कच्चं काही सापडलं नाही, म्हणजे उत्तम! माझ्या चाचण्याही ‘कच्चं काही सापडलं नाही ना?’ एवढंच विचारत होत्या. मुद्दाम एक कच्चा सर्व्हर उभा करून ‘आता मार बघू बोंब’ असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

गप्प बसलो असतो तर सही झाली असती. दोघंही कौतुकानं माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, सर्व्हर बंद आहेत. हे सगळं हिरवं खोटं आहे."

"नौटंकी आहे एक नंबरचा," शेठ हसले. मग माझा चेहरा बघून थांबले.

मॅडमनी ताटली खाली ठेवली. "मागच्या आठवड्यात तुम्ही आमची बँक तपासून ‘सगळं सुरक्षित’ म्हणालात. तेव्हा आमचे सर्व्हर उत्तर देत होते ना?"

एरवी मला कुठल्याही प्रसंगाला संवाद सुचतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्या उठल्या. शेठ त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. जिन्यावरून शेठचा आवाज वर येत होता. "गलती माझी आहे, मॅडम. पोरगा चांगला आहे. बघून घ्यायचं काम माझं होतं."

ते काम त्यांचं नव्हतं, माझं होतं. खाली धावत जाऊन तेवढं एक वाक्य म्हणायचं होतं, आणि मी खुर्चीतून उठलो नाही.