आत्या गेल्याचा खोटा निरोप

फ्रेंच बोलताना मी मध्ये थांबत नाही. थांबले की मागून आवाज येतो, "व्हय. मंग?"

पुण्याला मी सामाजिक धोरण आणि त्याच्या जोडीला फ्रेंच घेतलं होतं. रोज कुणाशी तरी मोठ्यानं बोला, असं बाईंनी बजावलेलं. मला होती आत्या. भाटघरच्या अंगाला एकटीच राहायची, मूलबाळ नाही. रविवारी मी जायचे. शेंगा फोडत ती माझं फ्रेंच ऐकायची आणि मी दम घेतला की म्हणायची, "व्हय. मंग?"

एकदा अंगणात तिच्या डोक्याला कावळा शिवला. आमच्याकडं यावर उतारा आहे. माणूस गेल्याचा खोटा निरोप पाव्हण्यांना धाडायचा. ते रडले की खरं मरण टळतं. मी धोरण शिकणारी शहाणी, मला हसूच आलं. पण आत्या लई घाबरली होती. शेवटी मीच भावकीच्या ग्रुपवर टाकलं, 'आत्या गेली.' नसरापूरची चुलती फोनवर धाय मोकलून रडली. संध्याकाळी खरं कळवलं तेव्हा मला शिव्या बसल्या आणि आत्या पोट धरून हसली.

मेसेज तोवर पुढं गेला होता. कुणी कुणाला दाखवला, देव जाणे. दोन महिन्यांनी आत्याची निराधार पेन्शन थांबली. यादीत तिच्या नावापुढं 'मयत' लागलं होतं.

जिवंत आहे हे सांगायला तिला स्वतः भोरच्या तहसील कचेरीत जाऊन उभं राहायचं होतं. "तुझ्याच हातनं मेले, आता तूच जित्ती कर," ती म्हणाली. "म्या एकली गेले तर कोण इचारतंय?"

"सोमवारी फ्रेंचची तोंडी परीक्षा आहे गं. झाली की येतेच."

परीक्षेत घरच्या माणसाबद्दल बोलायचं होतं. मी आत्याबद्दल बोलले, इतकं छान की बाईंनी पाठ थोपटली. मग धोरणाचा निबंध आला. गरजूंची नावं याद्यांतून का गळतात, यावर बारा पानं लिहिली. सांगायला लाज वाटते, त्यात उदाहरण आत्याचंच दिलं. भोरला जायचं तेवढं राहिलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. "कवा येतीस?" ती फोनवर विचारायची, आणि मी म्हणायचे, येते गं.

तिसऱ्या आठवड्यात शेजारणीचा फोन आला. आत्या सकाळी उठलीच नव्हती. मी नसरापूरला फोन लावला. "काकू, आत्या गेली."

चुलती खळखळून हसली. "परत शिवला व्हय कावळा? आता न्हाई बाई मी रडायची!"

मी तेच वाक्य परत म्हटलं. पलीकडं तिचं हसू हळूहळू थांबलं.

आत्याचं नाव यादीतून कमी करायला कुणाला जावं लागलं नाही. ते मी आधीच करून ठेवलं होतं.