बंद भट्टीतले गरम डबे

"मॅडम, ये तो गरम है," रफिक म्हणाला आणि पेटवलेला गॅस-कटर त्याने विझवला.

मी हसले. कित्येक वर्षं बंद असलेली भट्टी गरम कशी असेल? उन्हाने तापली असेल, असं मी त्याला समजावलं. भट्टी शेडच्या मधोमध होती. तिथे ऊन पोचायला आधी छप्पर काढावं लागलं असतं.

तेव्हा मी पन्नाशीतली, म्हणजे तशी कोवळीच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेलेला. शॉपफ्लोअरवरचं पहिलंच काम मिळालेलं: वाइंडिंगवरचं, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवरचं, वॉर्निश भाजायची जुनी भट्टी कापून बाहेर काढायची, तीही शेजारची पॅकिंग लाइन चालू ठेवून. प्लांट हेड नितीन सर माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. त्यांनी बजावलेलं, "लाइन थांबली तर तुम्ही परत ड्रॉइंग बोर्डवर." मला परत जायचं नव्हतं. नवं हेल्मेट मी कोपरीला घरी नेऊन, घालून आरशात बघून घेतलेलं.

अशा कामात आधी आयसोलेशन करतात. म्हणजे मशीनची वीज तोडायची, स्विचला कुलूप घालायचं, किल्ली आपल्याकडे ठेवायची. ती किल्ली मी गळ्यात दागिन्यासारखी मिरवत होते.

तरी हात लावून पाहिला. मागच्या टोकाचा छोटा कप्पा चांगलाच तापलेला. दार उघडलं. आत ओळीने स्टीलचे डबे आणि बोंबलाच्या कालवणाचा वास.

"अहो, ते आमचे," लाइनवरून सुमनताई कांबळेंनी हाक मारली. हात पॅकिंगवरच. "हलवू नका, कालवण सांडेल."

"याला वीज कुठून येते?"

"आमच्या लाइनच्या पॅनलमधून. मेन्टेनन्सवाल्यांनीच वायर टाकलीये. त्यांचे पण डबे असतात ना."

म्हणजे माझं कुलूप भलत्याच स्विचला. भट्टी बंद आहे ना, हे मी ज्याला त्याला विचारलेलं. सगळे म्हणाले, केव्हाचीच बंद आहे. त्या सगळ्यांचे डबे आत होते. रफिकने हात लावला नसता तर काय झालं असतं, ते मी अजून मनात आणत नाही.

नितीन सर तरातरा आले. "कटिंग का थांबलं?"

"आत लाइव्ह वायर आहे सर."

"मग वायर सोडून बाकीचं कापा."

"वायर आत कुठून कुठे गेलीये, कोणालाच माहीत नाही."

"लाइन बंद होणार नाही."

"जेवणाच्या सुट्टीत ती बंदच असते. तोवर थांबू."

"आणि हा तोवर बसून राहणार?"

रफिक बसलेलाच होता.

सुट्टी झाली. बायकांनी डबे काढले, मी पॅनल बंद केलं, इलेक्ट्रिशियनने वायर सोडवली, टेस्टर लावून खात्री केली, पॅनल पुन्हा चालू. हुश्श म्हणते तोच बेल झाली आणि एकही बाई उठली नाही.

"सुमनताई, चला ना."

"येतो की. पण उद्या डबे कुठे ठेवायचे, तेवढं सांगा."

"मायक्रोवेव्ह देऊ," सर म्हणाले.

"त्यात स्टीलचे डबे? सर, तुमच्याकडे जेवण कोण गरम करतं हो?"

सर घड्याळाकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. मी रफिककडे वळले. "तो कप्पा अख्खा सुटा निघेल?"

"निकलेगा. फिर उसका क्या?"

"भिंतीशी उभा करू. नवीन वायर, वेगळा स्विच."

"तिथे नवीन मशीन येतंय, जागा नाहीये," सर म्हणाले.

"ड्रॉइंग मी काढते सर. जागाही काढीन."

सर "बरं" म्हणाले. सुमनताईंनी सावकाश हात पुसले आणि लाइन सुरू झाली.

भट्टी तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेली, कप्पा राहिला. रिपोर्टमध्ये मी 'जेवणाची सुट्टी जरा लांबली' एवढंच लिहिलं. सरांनी सही केली. पुढच्या आठवड्यापासून त्यांचाही डबा त्याच कप्प्यात दिसायला लागला.

मी ड्रॉइंग बोर्डवर परत गेले नाही. पुढे कुठलंही मशीन काढायचं असलं की 'हे बंद आहे का' असं विचारणं मात्र सोडून दिलं. 'हे काढलं तर कोणाची गैरसोय होईल' असं विचारायचे. लोक आधी जरा एकमेकांकडे बघतात, मग सगळं सांगतात.